ओनेझिम सरपंचाच्या अटी

३ नोव्हेंबर, मुलुंड पूर्व

सकाळी निलेशचा फोन. हा माझा अठ्ठ्याण्णव सालच्या बारावीचा विद्यार्थी. फ्रेंच स्कोरिंग आहे म्हणून घेतलं, शंभरात ब्याण्णव काढले आणि तोंडातून एक वाक्य धड निघायचं नाही. आता कॅनडात असतो, बायको तिकडचीच.

"मॅडम, एक काम आहे. चिडू नका."

काम असं. त्याचे सासरे रेमंड गोद्रो अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. आडनाव फ्रेंच, पण फ्रेंचचा एक शब्द येत नाही. त्यांचे वडील अल्बेर तरुणपणी क्युबेकमधलं घर सोडून सडबरीच्या निकेलच्या खाणीत आले आणि घरात फ्रेंच कायमचं बंद केलं. आजोबा ओनेझिम गोद्रो, शेतकरी आणि गावातले पुढारी. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की ओनेझिमनं सगळी शेती थोरल्या आदेलारला दिली आणि धाकट्या अल्बेरला हाकललं. आता थोरल्या शाखेतल्या कुणीतरी जुनं घर रिकामं करताना एक खोका सापडला, तो सासऱ्यांकडे पाठवला. त्यात एक दस्त आणि ओनेझिमची वही आहे. सासऱ्यांना डोळे मिटायच्या आत खरं काय ते कळायला हवंय.

मी म्हटलं, "तिकडे फ्रेंच वाचणारे काय कमी आहेत?"

"आहेत ना. पण ते अक्षर कुणालाच लागत नाही. तुम्ही आमचे पेपर तपासलेत, मॅडम."

हो म्हटलं.

५ नोव्हेंबर

पानांचे फोटो आले. अक्षर वाईट आहे, पण निलेशच्या बॅचपेक्षा बरं.

पहिली अडचण 'मेर' ह्या शब्दाची. ओनेझिम चौदा वर्षं गावचा मेर होता. कोशात महापौर. पण नऊशे वस्तीच्या गावाला कसला महापौर? सभा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, विषय काय तर कुणाचं कुंपण रस्त्यात आलंय आणि पुलाच्या फळ्या कुणी बदलायच्या. मी सरपंच लिहिलं. रेमंडसाठी इंग्रजी करतेच आहे, पण आधी मराठीत केल्याशिवाय मला समजल्यासारखं वाटत नाही. गिरणीतल्या साचेवाल्याची मुलगी मी, फ्रेंच शिकले तेसुद्धा मराठीतून.

९ नोव्हेंबर, रविवार

सुबोध आणि मानसी आले होते. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे, जानेवारीअखेर घरं रिकामी करायची. सुबोधचं म्हणणं असं की नवीन घर मोठं घ्यायचं तर कर्ज लागेल, ते माझ्या वयाला मिळणार नाही. म्हणून आत्ताच हे घर बक्षीसपत्रानं त्याच्या नावावर करावं. आणि बांधकामाची तीन वर्षं मी बोरिवलीला त्यांच्याकडे राहावं.

"आई, तुला खरंच चालेल ना? नीट विचार करून सांग."

"मला काय, मला सगळं चालतं."

"तसं नको गं. काही हवं असेल तर आधी बोल."

"ह्या वयात मला काय हवं असणार?"

मानसीनं विचारलं की खोलीला रंग कुठला देऊ. म्हटलं, तुम्हाला आवडेल तो. सुबोध म्हणाला, मग बावीस डिसेंबरची नोंदणीची तारीख घेतो. घे म्हटलं.

ते गेल्यावर जेवण गेलं नाही. एकुलता एक मुलगा, एकदा तरी माझ्या मनात काय आहे ते नीट विचारावं त्यानं. हे असते तर त्यांनी न विचारता ओळखलं असतं. (खरं तर ह्यांनीही कधी ओळखलं नाही. पण गेलेल्या माणसाबद्दल काय लिहायचं.)

१३ नोव्हेंबर

आज दस्त लावला. १९११ च्या डिसेंबरातला. ओनेझिमनं जमीन, गोठा, घोडे, घर, सगळं आदेलारला बक्षीस दिलं. इथवर ठीक. पुढे अटी.

वाचून मी चष्मा काढून ठेवला. हा माणूस पोटच्या मुलाकडून मोजे लिहून घेतो! लोकरीचे, वर्षाला दोन जोड. तंबाखू, आणि तीही दुकानातली नको, शेतात होते तीच. चहा, साबण. मांस द्यायचं ते फार चरबीचं नको. सकाळी तो उठायच्या आत चूल पेटलेली असली पाहिजे. दर रविवारी आणि सणाला चर्चला जायला घोडा जुंपून दारात उभा. आजारी पडला तर पाद्री आणि डॉक्टर आणायचे, आणि त्यांना परत नेऊनही सोडायचं. आणि कहर म्हणजे, स्वभाव जुळले नाहीत तर म्हातारा दुसरीकडे राहायला जाईल आणि हे सगळं सामान मुलानं तिथे पोचवायचं.

आधी वाटलं हा एकटाच असला. मग कळलं की तिकडे सगळेच शेतकरी असंच करत. नोटरीकडे जायचं, बाप सांगणार, मुलगा ऐकणार, दोघं सही करणार. आपल्याकडे असं कुणी केलं तर लोक तोंडात शेण घालतील. मुलाकडे काय मागायचं असतं? त्याला कळायला नको?

१४ नोव्हेंबर

फिरताना मालनला सांगितलं. मालन शेजारच्या इमारतीत राहते, महापालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर होती, आयुष्यभर पेशंटना दरडावल्यानं जीभ तशीच राहिली आहे.

म्हणाली, "शहाणा होता तुझा म्हातारा. आणि तू? तुला बोरिवलीला जायचंय?"

"सुबोधची सोय होतेय."

"मी सुबोधचं नाही विचारलं."

"आता ठरलंय ना सगळं."

"तू एक नंबरची ढोंगी आहेस गं. माझ्याजवळ कुरकुरतेस आणि त्याच्यासमोर देवी होऊन बसतेस. माझ्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचं वन रूम किचन रिकामं आहे. बिल्डर भाडं देणारच आहे. सांग त्याला."

मी विषय बदलला. जायचं तर मला नाहीच. चाळीस वर्षं झाली इथे. संध्याकाळी चार मुलं डायनिंग टेबलावर क्रियापदं चालवायला येतात, ती काय बोरिवलीला येणार आहेत? पण हे मी सांगायचं? मग त्यानं केलेल्याला काय अर्थ राहिला?

२३ नोव्हेंबर, रविवार

बोरिवलीला खोली बघायला गेले. फिका हिरवा रंग, अगदी दवाखान्यातला. "आवडला ना आई?" मानसी म्हणाली. म्हटलं, छान आहे. तिचं कामाचं टेबल कुठे दिसलं नाही, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता. मुलींना हल्ली एका जागी बसून काम करायला नको असतं.

सुबोधनं पुन्हा विचारलं, "आई, शेवटचं विचारतो. मनापासून ना?" मी म्हटलं, अरे, कितीदा विचारशील.

३० नोव्हेंबर

दस्ताचं शेवटचं पान चिकटलेलं आहे, निलेश ते कुणा जाणकाराकडून सोडवून घेतोय. तोवर वही.

वहीत भावना म्हणून नाही. हवा, गवत, सभा. पुलाच्या ठरावावर मात्र सलग तीन पानं. गाव विरोधात होतं, ओनेझिम घरोघर गेला, दोन तास उभं राहून बोलला आणि ठराव पास करून घेतला. बोलघेवडा माणूस असणार.

दस्तानंतरचे रविवार मी मुद्दाम बघितले. "आदेलारनं घोडा जुंपला. चर्च." पुढच्या रविवारी तेच. नऊ वर्षं तेच. एका उन्हाळ्यात दोघांचं वाजलेलं दिसतं, कारण दिलेलं नाही: "आदेलार माझ्याशी बोलत नाही. घोडा जुंपला. चर्च." असे सात रविवार. आठव्याला नुसतं: "आदेलारनं घोडा जुंपला. आज बोलला."

हे वाचून मला काय झालं कुणास ठाऊक, उठून उगाच भांडी घासली. बाई यायची होती तरी.

८ डिसेंबर

१९१२ चा एप्रिल सापडला. दस्त झाला तेव्हा अल्बेर घरी नव्हताच, हिवाळाभर जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होता. बर्फ वितळल्यावर परत आला तेव्हा सगळं आदेलारचं झालेलं.

चौदा एप्रिल: "अल्बेर आला." पंधरा: "अल्बेरला कळलं." सोळा: "अल्बेर गेला. तो काही बोलला नाही, मी काही बोललो नाही. तांबडी गाय व्यायली."

नऊशे माणसांना पुलासाठी राजी करणारा सरपंच. एका पोराला थांब म्हणता आलं नाही त्याला.

११ डिसेंबर

शेवटचं पान आलं. त्यावर एकच अट आहे. कायद्याच्या फ्रेंचमध्ये आहे, मी साधं करून लिहिते:

रस्त्याच्या बाजूची खोली धाकटा मुलगा अल्बेर ह्याची राहील. तो केव्हाही येवो, कळवून किंवा न कळवता, त्याला पलंग आणि पांघरूण तयार मिळावं. तो जिवंत असेतो ही खोली आदेलारनं दुसऱ्या कुणालाही देऊ नये.

चारदा वाचलं. क्रियापदं तपासली. चूक नाही.

१४ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी सातला व्हिडिओवर रेमंड. त्यांच्याकडे सकाळचे साडेआठ. उंच, वाळलेला माणूस, नाकात ऑक्सिजनची नळी. शेजारी निलेश. रेमंड म्हणाले, आधी फ्रेंचमध्ये वाचा, मला नुसतं ऐकायचंय. वाचलं. मग इंग्रजीत वाचलं.

त्यांनी नाकातली नळी सारखी केली. मग विचारलं, "माझ्या वडिलांना हे कुणी सांगितलं होतं का?"

"वहीत तसं कुठे नाही. दस्ताच्या दिवशी ते जंगलात होते. परत आले तेव्हा दोन दिवस घरात होते, पण कुणी काही बोललं नाही."

"माझे वडील एकच वाक्य सांगायचे," रेमंड म्हणाले. "बापानं मला थांब म्हटलं नाही." पुढे म्हणाले, "त्यांनीही विचारलं नसणार. आम्ही सगळे तसलेच." मग त्यांनी चेहरा कॅमेऱ्यातून बाजूला घेतला. निलेश म्हणाला, मॅडम, नंतर करतो.

मला फार राग आला. कुणाचा ते कळेना. सगळं मनापासून लिहून ठेवायचं आणि ज्याला सांगायचं त्यालाच सांगायचं नाही, ह्याला काय अर्थ आहे?

१५ डिसेंबर

आणि मी गेले सहा आठवडे माझ्या ह्या वहीत दुसरं काय करते आहे?

१७ डिसेंबर

सुबोध ऑफिसातून परस्पर आला, नोंदणीसाठी कागद न्यायला. मी चहा ठेवला. तो उकळेपर्यंत पाठमोरी उभी राहून सांगून टाकलं, कारण तोंडाकडे बघून जमलं नसतं.

"मला बोरिवलीला यायचं नाहीये."

"काय?"

"मला इथेच राहायचंय. मालनच्या बिल्डिंगमध्ये जागा आहे. आणि घर असंच नावावर करायची मला भीती वाटते."

"भीती? माझी?"

मी काहीच बोलले नाही. हेच चुकलं.

तो म्हणाला, "मी किती वेळा विचारलं तुला. किती वेळा? दरवेळी तू म्हणालीस, मला सगळं चालतं. मानसीनं तिची खोली दिली तुझ्यासाठी. डायनिंग टेबलावर बसून काम करते ती. ती कॉलवर असली की मी कुकर लावत नाही, शिटी होते म्हणून. हे सगळं तू हो म्हणालीस म्हणून केलं ना आम्ही?"

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू सांगितलंस?"

कागद टेबलावरच ठेवून गेला. चहा घेतला नाही.

१८ डिसेंबर

फोन नाही.

२० डिसेंबर

नाही. मी करायला हवा, पण केला नाही. हातात घेऊन ठेवला दोनदा.

माझी वही मागे जाऊन वाचली. त्यानं मला नऊ नोव्हेंबरला विचारलं आहे, तेवीसला विचारलं आहे, माझ्याच अक्षरात लिहिलं आहे. आणि त्याच पानावर खाली मी लिहिलं आहे की विचारत नाही. विद्यार्थ्यानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी पेपर त्याच्या घरी पाठवला असता.

२२ डिसेंबर

नोंदणीची तारीख आज होती. गेली.

मालन येऊन बसली. तिला म्हटलं, बोलून काय मिळवलं? मुलगा गेला. ती म्हणाली, "गेला नाही, चिडलाय. दोन्ही वेगळं असतं." आठवडाभर मला हा फरक कळलेला नाही.

२५ डिसेंबर

मी फोन केला. मानसीनं उचलला, सुबोध अंघोळीला होता. मी तिला म्हटलं, तुझं टेबल गेलं हे मला दिसलं होतं, मी विचारलं नाही. चुकलं माझं.

ती म्हणाली, "आई, खरं सांगू? तुम्ही आला असतात तर मला चाललं असतं, पण मला माझी खोली हवी आहे. आणि तो हिरवा रंग मलाही आवडला नव्हता. दुकानदारानं गळ्यात मारला."

लग्नाला अकरा वर्षं झाली, आज पहिल्यांदा आम्ही दोघी एकदम हसलो. सुबोधला सांग म्हटलं. ती म्हणाली, तुम्हीच सांगा, मी मध्ये पडणार नाही. बरोबर आहे तिचं.

२८ डिसेंबर, रविवार

सुबोध आला. चपला काढल्या, आत आला, बसला, आणि दहा मिनिटं पेपर वाचला. मीही शेंगा सोलत बसले. ह्या घराण्यात बोलायला सुरुवात कोण करतं हा मोठाच प्रश्न आहे.

शेवटी मी म्हटलं, "मला भीती तुझी नव्हती. मागितलं आणि तू नाही म्हणालास तर, ह्याची होती. न मागता राहिलं की निदान तेवढं तरी टळतं."

त्यानं पेपर घडी करून ठेवला. मग खिशातून पेन काढलं आणि त्याच पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहायला घेतलं. "हं. बोल. काय काय हवंय?"

पहिलं वाक्य निघायला किती वेळ लागला! मग मात्र थांबेना. मुलुंडमध्येच राहायचं. नवीन घर त्याच्या नावावर होऊ दे, पण माझ्या हयातीत मला तिथून कुणी ऊठ म्हणू नये. मुलं शिकायला येतील, त्याला कुणी नाही म्हणायचं नाही. आजारी पडले तर डॉक्टर मला सांगतील, बाहेर बोलावून त्याला नाही. बांगडा करते तेव्हा वासाची तक्रार नको. शेवटचं ऐकून तो हसला, पण लिहिलं. त्याला मी ओनेझिमचे मोजे सांगितले, घोडा सांगितला, रस्त्याकडची खोली सांगितली. त्यानं पेनाला टोपण लावलं.

मग म्हणाला, "बोरिवली नको म्हणालीस तेव्हा मला वाटलं, मीच नकोय."

"वेड्या," म्हटलं, आणि मला रडू आलं. तोही रडला. चाळीस वर्षांचा घोडा.

२ जानेवारी

निलेशचा निरोप. रेमंडनी ती अट मोठ्या अक्षरात छापून घेतली आहे आणि नातवंडांना फोन करकरून वाचून दाखवतात, फ्रेंचमध्ये, उच्चारांची पार वाट लावून. मी कळवलं की उच्चार दुरुस्त करायचे नाहीत.

३ जानेवारी, शनिवार

वकील तावड्यांकडे गेलो, मी, सुबोध आणि मानसी. तावडे सत्तरीचे, सगळा दस्त मोठ्यानं वाचून दाखवतात. हयातभर राहण्याचा हक्क, सांभाळाची अट, शिकवणी, डॉक्टर. बांगड्यापाशी अडखळले, मानसीकडे बघितलं, ती म्हणाली, असू दे.

वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "अजून काही, बाई?"

"नाही, बस. मला काही नको." तोंडातून गेलंच.

तावडे फाईल मिटायला लागले. सुबोध म्हणाला, "थांबा हं. ती नाही म्हणाली की जरा थांबायचं असतं."

तिघंही थांबले. पंखा चालू होता. मला घाम आला.

मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "माझ्यावर चिडलास तर चीड. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. पण येणं बंद करू नको रे."

तावडे म्हणाले, "बाई, हे असं दस्तात बसत नाही."

"बसवा," सुबोध म्हणाला.

तावड्यांनी चष्मा पुसला, पेन घेतलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत गेले: "लिहून देणार आणि लिहून घेणार यांच्यात कोणत्याही कारणाने मतभेद अथवा अबोला झाल्यास, लिहून घेणार यांनी लिहून देणार यांच्याकडे येणे-जाणे बंद करू नये."